विडीचं कार्ड आणि घराची किल्ली : निपाणीतून पाहिलेली आडम मास्तरांची आमदारकी

मंडळाच्या गेल्या बैठकीत मी विषय जाहीर केला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, "अहो, सोलापूरचा आमदार आपल्या मंडळात कशाला? आपल्याकडे आमदार कमी झाले काय?" प्रश्न रास्त होता. आपण सीमाभागातले लोक. आमदार म्हटलं की आपल्याला सीमाप्रश्न आठवतो, विधानसभेतल्या घोषणा आठवतात, एखादा ठराव आठवतो. माझा निबंध मात्र घरांबद्दल आहे. तो सोलापूरला का पोचतो, हे सांगायला निपाणीपासून सुरुवात करावी लागेल.

मी स्थापत्य अभियंता. अठ्ठावीस वर्षं बांधकामाच्या धंद्यात काढली आणि पन्नाशीनंतर इतिहासाचा नाद लागला. राहायला बेळगावात असलो तरी मूळ निपाणीचा. माझी एक मावशी निपाणीत भाड्याच्या एका खोलीत आयुष्यभर विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात पान आणि तंबाखू, हाताशी कात्री आणि दोरा. ती गेल्यावर तिची पत्र्याची ट्रंक उघडली तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं तिचं विडी कामगाराचं ओळखपत्र सापडलं. घरासाठी केलेला आणि परत आलेला एक अर्जही होता. कार्डावरचं नाव आणि शिधापत्रिकेवरचं नाव जुळत नव्हतं, एवढंच कारण. मी तिला कधी विचारलं की ती म्हणायची, "कारड हाय बाबा, खरं घर न्हाई."

हे वाक्य डोक्यात राहिलं. विडी कामगाराच्या कार्डावर घर मिळतं तरी कसं, ते कुणाला मिळालं आणि कुणामुळे, हे शोधत गेलो तर वाट सोलापूरला गेली. नरसय्या आडम यांच्याकडे. सोलापुरात त्यांना सगळे आडम मास्तरच म्हणतात.

आधी निपाणीचं थोडं. निपाणीची तंबाखू विडीची म्हणून देशभर ओळखली जाते. शेतातून माल वखारीत यायचा आणि वखारीत तो कुटायला, चाळायला, निवडायला बाया असायच्या. धुरळ्याने नाकतोंड भरलेलं, कामाचे तास ठरलेले नाहीत, मजुरी मालकाच्या मर्जीवर. १९८० च्या सुमारास या बायांची संघटना उभी राहिली. प्रा. सुभाष जोशी तिच्या पुढे होते. बंगळूरच्या युगांतर गटाने, म्हणजे दीपा धनराज आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी, १९८२ साली या बायांवर माहितीपट केला. आपल्या गावाच्या इतिहासाचा तो मोलाचा पुरावा आहे. मधल्या काळात १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवला, ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकरी मारले गेले. हे सगळं आपल्या घराघरात माहीत आहे. पुढे प्रा. जोशी निपाणीचे आमदारही झाले.

म्हणजे कामगारांच्या लढ्यातून विधानसभेत जाणं आपल्याकडेही घडलं. आपण त्या लढ्याचा इतिहास लिहितो तेव्हा मजुरी येते, रास्ता रोको येतो, गोळीबार येतो. बाई संध्याकाळी कुठे परत जाते, हे त्यात येत नाही. घरी बसून विड्या वळणारीला तर घर हाच कारखाना. छप्पर गळलं की पान भिजतं, तंबाखू सर्दते, आणि तिकडे नेऊन दिल्यावर विड्या नापास होतात. त्या विड्यांची मजुरी गेली. म्हणून विडीवालीची घराची मागणी आणि तिची मजुरीची मागणी वेगळी काढता येत नाही.

आता त्या कार्डाकडे येऊ. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा झाला आणि घरी बसून वळणारी बाईसुद्धा कायद्याने कामगार ठरली. १९७६ साली आणखी दोन कायदे झाले. एकाने विड्यांवर उपकर बसवला, दुसऱ्याने त्या उपकरातून विडी कामगार कल्याण निधी उभा केला. हजार विड्यांमागे ठरावीक रक्कम सरकारजमा व्हायची. त्यातून दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या आणि घरासाठी अनुदान. कार्ड हे या निधीचं दार होतं. कार्ड मिळायला कारखान्याच्या किंवा ठेकेदाराच्या वहीत नाव लागायचं. वहीत नाव नाही तर कार्ड नाही, कार्ड नाही तर घर नाही. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर, घराचे पैसे विडीवालीने स्वतःच वळून दिलेल्या विड्यांमधूनच जमा होत होते. ते परत तिच्यापर्यंत आणणं हे काम होतं, आणि ते काम कुणीतरी करावं लागत होतं.

सोलापुरात ते कुणी केलं? सोलापूरचा पूर्व भाग म्हणजे तेलंगणातून आलेल्या तेलुगू भाषक विणकरांची वस्ती. पुरुष गिरणीत नाहीतर मागावर, बाया विडीवर. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या तशी कितीतरी घरं बायांच्या विड्यांवर चालली. आडम मास्तर याच वस्तीतले. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे आणि सिटू या कामगार संघटनेचे नेते. १९७८ साली ते पहिल्यांदा आमदार झाले. ती विधानसभा १९८० च्या फेब्रुवारीत बरखास्त झाली. मग १९९५ ला निवडून आले, तीही विधानसभा मुदतीच्या आधीच संपली. तिसऱ्यांदा २००४ ला, आणि ती पाच वर्षं पूर्ण मिळाली. पुढे मतदारसंघांची फेररचना झाली. सोलापूर शहर मध्य या नव्या मतदारसंघातून २००९, २०१४ आणि २०१९ ला प्रणिती शिंदे यांच्याकडून त्यांचा पराभव झाला. २०२४ लाही ते हरले, त्या वेळी भाजपचे देवेंद्र कोठे निवडून आले.

सगळी बेरीज केली तर १९७८ ते २०२४ या शेहेचाळीस वर्षांत ते साधारण साडेअकरा वर्षं आमदार होते. चौथा हिस्सा. विधानसभेच्या कामकाजावरून त्यांचं चरित्र लिहायला बसलो तर तीन चतुर्थांश पानं कोरी राहतील. पण त्यांच्या कामाचा मोठा भाग त्याच पानांवर आहे.

पहिली मोठी वसाहत सोलापूरजवळ कुंभारीला झाली. अक्कलकोट रस्त्यावर, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर. दहा हजार घरं, सगळी विडी कामगार स्त्रियांची. सहकारी गृहनिर्माण संस्था काढली आणि तिला नाव दिलं कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांचं. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांमध्ये काम केलेल्या गोदावरी परुळेकर, 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिणाऱ्या. हिशेब असा होता : एका घराला साठ हजार रुपये. त्यात वीस हजार केंद्र सरकार, वीस हजार राज्य सरकार आणि वीस हजार ती बाई स्वतः. १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते या घरांचं लोकार्पण झालं. त्या वेळी मास्तर आमदार होते.

दहा हजार घरं गुणिले साठ हजार म्हणजे साठ कोटी रुपये. आज हा आकडा लहान वाटेल. पण ज्यांनी कधी शंभर घरांची सहकारी सोसायटी उभी केली आहे त्यांना विचारा. सभासद एकत्र ठेवणं, जमिनीची खरेदी, बिगरशेती परवाना, नकाशे, दोन सरकारांचे हप्ते वेळेवर येणं, मध्येच सिमेंटचे भाव वाढणं. मी स्वतः एका छोट्या सोसायटीच्या कामात चार वर्षं अडकलो होतो, तिथे सभासद सगळे पगारदार होते. इथे दहा हजार बाया, आठवड्याच्या मजुरीवर जगणाऱ्या. पण माझ्या मावशीचं अडलं त्या ठिकाणी, म्हणजे कार्डावरच्या आणि रेशनच्या नावात फरक असला तर, तिथे तिच्या मागे संघटना उभी होती. मावशी एकटी होती. मला हाच मोठा फरक वाटतो.

आता आपल्या बाजूची पद्धत बघा. कर्नाटकात १९९१-९२ पासून आश्रय योजना आली. २००० साली राजीव गांधी ग्रामीण वसती निगम स्थापन झालं. या योजनांतून खूप घरं झाली, ते नाकारायचं कारण नाही. पण शहरी भागात लाभार्थी निवडणाऱ्या आश्रय समितीचा अध्यक्ष स्थानिक आमदार. म्हणजे घर हे आमदाराच्या यादीतून येतं. अर्जदार एकेकटा जातो आणि यादीत नाव येण्याची वाट बघतो. कुंभारीला बाई संस्थेची सभासद होती, तिचा भाग होता, तिचे वीस हजार होते. मागणी करणारी तीच आणि बांधून घेणारीही तीच. आमदार मध्ये होता तो अडलेल्या फायली हलवायला. दोन्ही ठिकाणी आमदार आहेच, पण त्याची जागा वेगळी आहे.

महाराष्ट्रात याला एक मोठं उदाहरण होतं. मृणाल गोरे मुंबई महापालिकेत, मग विधानसभेत, मग लोकसभेत गेल्या, पुढे विधानसभेत विरोधी पक्षनेत्याही झाल्या. पाण्याच्या लढ्यामुळे त्यांना पाणीवाली बाई म्हणत. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखाली जादा ठरलेली जमीन बिल्डरांना न देता सामान्यांच्या घरांना द्या, हा आग्रह धरून त्यांनी बाबुराव सामंतांसह नागरी निवारा परिषदेतून गोरेगावच्या दिंडोशीला हजारो घरं उभी केली. मृणालताई समाजवादी, मास्तर कम्युनिस्ट. पण दोघांची रीत सारखी : आधी लोकांची संस्था, मग सरकारशी भांडण, आणि लागलं तर सरकारबरोबर कामही.

ही शेवटची गोष्ट मास्तरांना महागात पडली. कुंभारीलाच पुढे तीस हजार घरांचा दुसरा प्रकल्प आला, रे नगर. या वेळी फक्त विडीवाल्या नाहीत. यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, रिक्षावाले असे सगळे असंघटित. प्रधानमंत्री आवास योजनेतून. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पायाभरणी झाली. व्यासपीठावर मास्तरांनी पंतप्रधानांचं कौतुक केलं. पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. पक्षाच्या बाजूनेही बघितलं पाहिजे. निवडणूक तोंडावर होती, आणि ज्या सरकारविरुद्ध पक्ष देशभर लढत होता त्याच्या प्रमुखाची स्तुती पक्षाचाच मोठा नेता करत होता. दुसऱ्या बाजूला तीस हजार कुटुंबं होती. इतिहास लिहिणाऱ्याने इथे निकाल द्यायची घाई करू नये, असं मला वाटतं. पण आमदार नसलेला माणूस, पक्षाची नाराजी पत्करून, विरोधी सरकारकडून घरं आणतो, ही नोंद तरी व्हायला हवी. १९ जानेवारी २०२४ ला यातल्या पंधरा हजार घरांचं वाटप पंतप्रधानांच्याच हस्ते झालं. तेव्हाही मास्तर आमदार नव्हते.

आता माझ्या धंद्याचा प्रश्न. पायाभरणीच्या वेळी सरकारने जाहीर केलेला आकडा असा : प्रकल्पाचा एकूण खर्च १८११.३३ कोटी, त्यात केंद्र आणि राज्य मिळून मदत ७५० कोटी. तीस हजारांनी भागा. एका घराला सुमारे ६ लाख ४ हजार. सरकारी मदत अडीच लाख. उरले साधारण ३ लाख ५४ हजार.

गोदूताई वसाहतीशी तुलना करा. तिथे साठ हजारांत सरकारी वाटा चाळीस हजार, म्हणजे दोन तृतीयांश. इथे तो ४१ टक्क्यांच्या आसपास. घराची किंमत दहापट झाली, सरकारची मदत सव्वासहापट झाली, आणि मदत वजा जाता उरणारी रक्कम वीस हजारांवरून साडेतीन लाखांवर, म्हणजे जवळजवळ अठरापट झाली. हे हिशेब जाहीर आकड्यांचे आहेत. प्रत्येक कुटुंबाने प्रत्यक्ष किती भरलं, कर्ज किती काढलं, हा वेगळा हिशेब आहे. बैठं घर आणि इमारतीतलं घर यांची तुलना तंतोतंत होत नाही, हेही मान्य. तरी कल स्पष्ट दिसतो. विडीवालीची मजुरी या काळात अठरापट झालेली नाही, हे सांगायला अभियंता लागत नाही.

यात आणखी एक गोष्ट झाली. १ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कर आला आणि विड्यांवरचा उपकर संपला. म्हणजे विडी कामगारांच्या निधीत हक्काने पैसा आणणारी ती नळीच बंद झाली. पूर्वी बाई म्हणू शकत होती, हा माझ्या विड्यांचा पैसा आहे. आता ती इतर गरिबांसारखी सर्वसाधारण योजनेची लाभार्थी. पैसे मिळतीलही, पण मागायचा आधार बदलला. मावशीचं कार्ड हातात घेतो तेव्हा मला हे जाणवतं. त्या कार्डामागे असलेला कायदेशीर हक्क तिच्या हयातीत होता. तो वापरता आला नाही.

मास्तरांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की हे सगळं मतांसाठी. तोही तपासून पाहू. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात, महापालिकेच्या हद्दीबाहेर. सोलापूर शहर मध्य मतदारसंघ शहराच्या आतला. शहरातल्या झोपडीतून उठून कुंभारीला गेलेल्या बाईने तिथे मतदार म्हणून नाव नोंदवलं, तर तिचं मत मास्तरांच्या पेटीत पडणारच नाही. ज्या नेत्याला फक्त मतं हवी असतात तो आपल्या मतदारांना हद्दीबाहेर घर देत नाही. लोकार्पणानंतर तीन वर्षांनी झालेल्या २००९ च्या निवडणुकीत ते हरले, हे वर आलंच आहे. पराभवाला कारणं अनेक असतील, पण घरांच्या बदल्यात मतं हे साधं गणित इथे जुळत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. शहरापासून इतक्या लांब वसाहत गेली की पानतंबाखू आणायचं अंतर वाढतं, मुलांच्या शाळेचं, दवाखान्याचं, घरकामाला जाणाऱ्या बायांचं अंतर वाढतं. स्वस्त जमीन नेहमी लांबच मिळते. घराच्या साठ हजारांत रोजचं बसभाडं धरलेलं नसतं. पुढे असा प्रकल्प आपल्या भागात कुणी मनावर घेतला तर हा खर्च पहिल्या दिवसापासून मांडावा, एवढंच म्हणेन.

शेवटी आपल्या सीमेकडे येतो. १९६७ च्या महाजन अहवालाने निपाणी महाराष्ट्राला द्या म्हटलं, आणि दक्षिण सोलापूर तालुक्यातली काही गावं तेव्हाच्या म्हैसूर राज्याला. दोन्ही झालं नाही. त्या कागदावर आम्ही पन्नास-साठ वर्षं भांडलो, आणि भांडणाला कारणंही होती. पण निपाणीत मराठी-कानडी बोलणारी बाई आणि सोलापुरात तेलुगू बोलणारी बाई एकाच मालाला हात लावत होत्या, एकाच केंद्रीय कायद्याखाली होत्या, एकाच प्रकारचं कार्ड दोघींच्या ट्रंकेत होतं. एकीकडे दहा हजार घरं झाली. दुसरीकडे माझी मावशी भाड्याच्या खोलीत गेली. हा फरक सीमेने पडला असं मला वाटत नाही. कार्डापासून किल्लीपर्यंतची वाट कुणीतरी चिकाटीने, आमदार असताना आणि नसतानाही, बायांना बरोबर घेऊन चालला, त्यामुळे तो पडला.

मंडळींना एक विनंती. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव या पट्ट्यात ज्यांच्या घरी आई, आजी, मावशी विडीवर किंवा वखारीत होत्या, त्यांनी जुनी कार्डं, मजुरीच्या चिठ्ठ्या, युनियनच्या पावत्या, परत आलेले अर्ज फेकून देऊ नयेत. पुढच्या बैठकीला घेऊन या, आपण त्यांच्या प्रती काढून ठेवू. सोलापूरच्या बायांचा इतिहास दहा हजार दारांवर लिहिलेला आहे. आपल्याकडच्या बायांचा अजून ट्रंकेत आहे. सुरुवात म्हणून मावशीचं कार्ड मी मंडळाच्या संग्रहात दिलं आहे.